तारापूर रस्त्यावरचा जवळा

चौसष्टच्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग पालघर तालुक्यात झाली. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मी नवी लेफ्टनंट होते. ज्या इंजिनिअर कंपनीबरोबर मला पाठवलं, तिच्याकडे एकच काम होतं. पालघरहून उमरोळीमार्गे बोईसर आणि तिथून पश्चिमेला तारापूरपर्यंतचा रस्ता अवजड गाड्यांसाठी पक्का करायचा होता. समुद्रकाठी मोठं बांधकाम सुरू होत होतं.

रस्ता लहान, पण जुना. तारापूरच्या बंदरात उतरलेला माल एके काळी बैलगाड्यांनी याच वाटेने आत जाई. रेल्वे आल्यावर कोळणी डोक्यावर पाट्या घेऊन याच वाटेने बोईसर स्टेशन गाठू लागल्या. पावसाळ्यात खाडीचं पाणी मोऱ्यांवरून वाहायचं आणि तारापूरचा संपर्क तुटायचा. त्या मोऱ्या आम्ही नव्याने बांधत होतो.

कंपनीचं हेडक्वार्टर बोईसरला होतं. एक प्लाटून तारापूरजवळच्या शेवटच्या मोरीवर होती आणि माझा एम. आय. रूमचा, म्हणजे दवाखान्याचा, तंबूही तिथेच होता. प्लाटून हवालदार विठोबा कदम, साताऱ्याकडचे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली; जवानांसमोर माझा आवाज फुटत नसे. कदम म्हणायचे, "मॅडम, तुमची ऑर्डर ऐकायला वायरलेस लावावा लागंल."

मोरीपासून बोईसरच्या बाजूला रस्ता कोळीवाड्यातून जात होता. त्यावर रोलर फिरला आणि बायकांना तो फार पसंत पडला. वाळूवर सुकवलेल्या जवळ्यात, त्या बारीक कोळंबीत, रेतीची कचकच येते. इथे ती येत नव्हती. त्यांनी सरळ रस्त्यावर जवळा पसरला.

"सरकारी रस्ता हाय, मावशी," कदम म्हणाले.

"मंग सरकारला सांग, जवळा खायला ये," हिराबाई म्हणाली. वाड्यातल्या बायका तिचं ऐकत.

शेवटी तोड निघाली. अर्ध्या रस्त्यावर जवळा, अर्ध्यावरून गाड्या. ज्या दिवशी लॉऱ्या यायच्या नसतील, त्या दिवशी कदम सकाळी स्वतः जाऊन सांगत, "आज समदा रस्ता तुमचा." ते हे कंपनीला कधी कळवत नसत.

अशाच एका दिवशी दुपारी मोरीवर स्लॅब बसवताना साखळी सुटली. स्लॅबची कड कदमांच्या मांडीवर आली. मोठी शीर तुटली होती. मी रक्त थांबवायला वर टूर्निके आवळून बांधलं, ड्रिप लावलं, वायरलेसवर बोईसर मागितलं.

"एक कॅज्युअल्टी. मांडीची शीर. पालघरला सर्जन हवा. ओव्हर."

"सर्जन तयार ठेवतो. रोड क्लिअर आहे का? ओव्हर."

"क्लिअर. आऊट."

मला तसंच वाटलं होतं. कदमांना घेऊन निघालो, तर कोळीवाड्याच्या तोंडाशी ड्रायव्हर नाईक पवारने ॲम्ब्युलन्स थांबवली. समोर या कडेपासून त्या कडेपर्यंत ओला जवळा होता.

"मॅडम, यावर चाकं घसरतील. दोन्ही बाजूंना खाजणाचा चिखल आहे. उलटलो तर संपलंच."

त्याने हॉर्न दिला. हिराबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वाजव, वाजव! तुज्याच हवालदारानं सांगितलंय, आज गाडी नाय!"

मी खिडकीतून काहीतरी म्हणाले. कोणी ऐकलं नाही. टूर्निके फार वेळ ठेवता येत नाही, पाय जातो. सोडावं तर जीव जातो. मी खाली उतरले आणि ओरडले, "हवालदारच आत आहेत! मरताहेत!"

हिराबाईने मागे येऊन आत पाहिलं. कदमांनी डोळे उघडले. "मावशी, शब्द दिलेला. मोडला."

"गप रे मेल्या," ती म्हणाली आणि वळली. "पोरींनो, खराटं घ्या! ढकला खाजनात!"

"आगं, समदा?" कोणीतरी विचारलं.

"समदा!"

बायका एका रांगेत पुढे झाडत निघाल्या. पावसाळ्याची बेगमी दोन्ही बाजूंच्या चिखलात पडत होती. त्यांच्या पाठोपाठ ॲम्ब्युलन्स पायी चालल्यासारखी सरकत होती. वाडा संपला तशी हिराबाईने बॉनेटवर थाप मारली. "हाण आता!"

पालघरला सर्जनने शीर शिवली. जीव वाचला, पायही वाचला.

कदम लांब सिक लीव्हवर गेले. परतले तेव्हा रस्त्यावर डांबर पडत होतं. त्यांनी उरलेल्या खडी-मुरुमाचं रस्त्यालगत एक मोठं खळं करवलं, त्यावर रोलर फिरवला आणि हिराबाईला बोलावून म्हणाले, "हितं वाळवा. आता कुनाला विचारायचं न्हाई."

पासष्टच्या लढाईत आमची कंपनी पंजाबच्या सीमेवर होती. सुरुंग काढताना हवालदार विठोबा कदम कामी आले. त्यांच्या मागून येणाऱ्या गाड्या पार गेल्या.

लग्न ठरल्यावर मी नोकरी सोडली. त्यानंतर एकदा एस.टी.ने तारापूरला गेले. हिराबाई खळ्यावर जवळा उलथत होती. कदम गेल्याचं मी सांगितलं. तिने उरलेला जवळा उलथून घेतला.

"सुट्टीवर गेल्ता तवा त्याला पोरगी झाली ना?"

"हो."

"उचलली त्यानं?"

"उचलली. रेल्वेचं तिकीट पुढे ढकलून दोन दिवस जास्त राहिले होते."

"मंग आमचा जवळा वाया नाय गेला, बाय," ती म्हणाली, आणि बसायला मला जागा करून दिली.