शाफ्ट तरंगला ती दुपार

नव्वदच्या सुरुवातीची पनवेलची एक दुपार आज सकाळपासून मनात रेंगाळतेय…

तेव्हा मी खांदा कॉलनीत राहायचे आणि जवळच्याच एका छोट्या कंपनीत टेस्टिंग इंजिनिअर होते. काम एका नव्या बेअरिंगचं. त्यात गोळ्या नाहीत… नुसती कागदासारखी पातळ पोलादी पाती, कौलांसारखी एकावर एक. मधला दांडा, म्हणजे शाफ्ट, वेगाने फिरला की तेलाचा पापुद्रा तयार होतो आणि शाफ्ट त्यावर अधांतरी तरंगतो. मला तर तो स्वप्नातही तरंगताना दिसायचा!

प्रत्यक्षात मात्र पाती जळत होती. तीन सेट गेले. मी सरांना सांगून टाकलं, पातीच खराब आहेत, बनवणारा वर्कशॉपवाला बदलू या. सरही तयार झाले आणि त्याला तसं कळवलंही.

शेवटचा सेट बसवायच्या आधी आमचे टेक्निशियन धर्माकाका जळकी पाती घेऊन खिडकीशी बसले. उरणचे, कोळ्याच्या घरातले. पात्यावरून बोट फिरवत म्हणाले, "मॅडम, पात्यांचा दोष नाय. आपन उलटी बसवली हाय. मासळीवरून हात शेपटीकडनं वर नेला तर खवलं टोचतात ना? तसंच शाफ्टला टोचतंय."

मी ड्रॉइंग काढलं… फिरण्याच्या दिशेचा बाण मीच उलटा काढला होता. कान तापले.

पाती सुलटी बसवली. मोटर सुरू केली, वेग वाढवत नेला. आधी खरखर, आणि मग… काहीच नाही. घर्षणाचा काटा हळूहळू खाली आला. शाफ्ट इतका शांत, की फिरतोय हेच कळेना. बाहेर कर्नाळ्याचा सुळका धुरकट निळा, आत तेलाचा कोमट वास… आम्ही दोघं कितीतरी वेळ नुसते बघत राहिलो.

सर आले, खूश झाले. "काय केलंत? पाती दुसरीकडून आणली?"

मान डोलावून सुटता आलं असतं. धर्माकाका जळकी पाती गोळा करू लागले.

"नाही सर. पाती तीच. माझं ड्रॉइंग चुकलं होतं, काकांनी ओळखलं."

"मग त्या वर्कशॉपवाल्याला फोन तुम्हीच करा," सर एवढंच म्हणाले.

केला. माफी मागितली. मग टेस्ट रिपोर्ट लिहिला आणि माझ्या सहीशेजारी धर्माकाकांची सही घेतली. त्यांनी आधी हात पुसले, मग सावकाश, ठसठशीत अक्षरात पूर्ण नाव लिहिलं.

पुढे खूप रिपोर्ट लिहिले… इतका देखणा एकही झाला नाही.