सुईकडे पाहू नको

नागपुरात धरमपेठेतल्या एका रेडिओच्या दुकानात मी अकरा वर्षं विक्रेता होतो. आयुष्यात पहिल्यांदा टेपरेकॉर्डर घेणाऱ्याला कोणता द्यावा हे मला बरोबर कळतं, असं मालक म्हणायचे. ते खोटं नव्हतं. फक्त माझ्या बहिणीच्या बाबतीत ते खरं ठरलं नाही.

थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. ती भिवापूरला दिलेली. मिरच्यांचे देठ खुडायला बायका बसल्या की गाणं बाईच धरायची, आणि गावात कुणाकडे हळद असली की पहिलं बोलावणं तिला जायचं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी ऑपरेशन ठरवलं. जीव वाचेल म्हणाले, आवाजाचं सांगता येत नाही. दवाखान्यातून ती सरळ दुकानात आली.

"मले गाने भरून ठेवाचे हायेत गा," ती म्हणाली. "पोरीच्या लग्नात मी नाही गाऊ शकली तं टेप तं गाईल."

मी तिच्यासमोर दोन मशिनी ठेवल्या. एक लहान, माइक आतच बसवलेला. दोन बटणं एकदम दाबली की काम झालं, आवाज कमीजास्त ती स्वतःच सांभाळायची. दुसरी मोठी. तिचा माइक वेगळा, आवाज किती भरायचा ते एक चकती फिरवून आपण ठरवायचं, आणि तो किती भरतो आहे हे काचेमागची सुई दाखवायची.

"हा लहाना दे. हा मले जमते."

"तो पोट्ट्यायचा खेळ आहे वं बाई. त्यात तुझा आवाज डब्यात कोंबल्यासारखा येते."

"अन् मोठा जमला नाही तं?"

"मी आहो ना."

आवाजाचं मी सांगितलं ते खरंच होतं. पण मोठी मशीन निवडली ती त्यासाठी नाही. ती जाणकार लोक नेत. बाईच्या सासरी ती ओसरीवर ठेवलेली दिसावी आणि भावाने दिली म्हणून चारचौघांत माझं नाव निघावं, एवढंच माझ्या मनात होतं.

मग मी तिला शिकवायला बसलो. ती एक ओळ गायची, सुई हलली की थांबायची आणि हसायची. "पाय ना, कशी उड्या मारते!" गिऱ्हाईकं ताटकळत होती. मी चिडलो.

"सुईकडे पाहू नको. गात राहा. अन् भरलेलं ऐकत बसू नको, भलतं बटण दाबशील अन् सारं पुसून जाईल. मीच ऐकवीन तुले."

"बरं मास्तर," ती म्हणाली.

आमच्या दुकानाची एक रीत होती. माल बाहेर जाताना सगळ्या चकत्या शून्यावर आणायच्या. नाहीतर घरी सुरू केल्याबरोबर मशीन अंगावर ओरडते आणि गिऱ्हाईक घाबरून ती परत आणतं. खोक्यात घालताना माझ्या हाताने सवयीने तेच केलं. बाईसाठी लावून ठेवलेली चकतीही शून्यावर गेली.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी ती अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने आली आणि पदरात बांधलेल्या तीन कॅसेटी माझ्या हातात दिल्या. "एकडाव ऐकून पाय ना गा."

"बरी हो, मग संगंच ऐकू," मी म्हणालो. मला कामावर जायचं होतं. अख्खा दिवस हातात होता, आणि तिचा आवाजही होता.

ऑपरेशननंतर तो परत आला नाही. तीन आठवड्यांनी भिवापूरला तिच्या आणि भाचीच्या पुढ्यात मी तिचीच मशीन लावली. नुसती खरखर. कॅसेट उलटली, दुसरी घातली, तिसरी घातली. मग माझी नजर चकतीवर गेली. ती शून्यावरच होती. तिनं त्या चकतीला हातसुद्धा लावला नव्हता.

बाईने पाटी ओढली आणि लिहिलं, "माह्याच्यानं कोनतं बटन चुकलं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "असंल एखादं. नव्या माणसाच्यानं होते असं."

तिने पाटी पुसली. दुसऱ्यांदा लिहून ती माझ्याकडे नाही, पोरीकडे केली. "माफ कर माय."

चार वर्षांनी भाचीचं लग्न झालं. हळदीला बायकांना कडवी आठवेनात, एकमेकींना कोपरं मारत त्या अडखळत होत्या. नवरी हसत म्हणाली, "आमच्या मायनं तेव्हा बटन बराबर दाबलं असतं तं हे पाळी आली नसती!" बायका खळखळून हसल्या. बाईनं सगळ्यांसमोर आपले दोन्ही कान पकडले, चूक कबूल केल्यासारखे.

मी चार हातांवर पंगतीत बसलो होतो. ती गंमत मला स्वच्छ ऐकू आली. वाढप्या समोर आला, त्याच्याकडे मी भात मागितला.