तेंदूच्या पानावरचे ठिपके

त्या वर्षी मी बाळंतीण होते, म्हणून माझ्या वाट्याच्या तेंदूची खुटकटाई मोठ्या जावेनं केली. उन्हाळ्याच्या तोंडी झुडपं बुडापासून छाटली की बिडीला लागणारं नवं, साफ पान फुटतं. आमच्या सावली तालुक्यात जंगलात कुणी कुठपर्यंत तोडायचं हे ठरलेलं असतं; दुसऱ्याच्या झुडपाला कुणी हात लावत नाही. मी लावू दिला, कारण ती घरची होती.

पान तोडायला गेले तर काय, पानभर बारीक काळपट ठिपके! फळीवर, म्हणजे तेंदू खरेदीच्या जागी, पानांचे पुडके मोजून घेणाऱ्या मुंशीनं माझे पुडके बाजूला सारले. म्हणाला, "न छाटलेल्या झुडपाचं जुनं पान आणलं का, बाई?" जावेचे पुडके मात्र पास झाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्या गावासमोर मी ओरडले, "केसानं गळा कापला तुमी माहा! आपलं तेवढं छाटलं, माहं तसंच ठेवलं!"

"पहिले तुहंच छाटलं, माय," ती एवढंच बोलली.

मी खाली वाकून खुटावरचा कुऱ्हाडीचा घावही पाहिला नव्हता. वर्षभर आमच्या दोघींत विस्तव गेला नाही.

यंदा खुटकटाई मी स्वतः केली, एकेक झुडूप. तरी ठिपके! कॉलेजच्या एक मॅडम झाडं बघायला आल्या होत्या, त्यांना पान दाखवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. ठिपके फक्त वरच्या बाजूला, शिरा सोडून. म्हणाल्या, "हे बहुतेक ओझोनचं काम आहे. दूरच्या कारखान्यांच्या चिमण्यांचा, गाड्यांचा धूर उन्हात तापून तो तयार होतो आणि वाऱ्याबरोबर इथवर येतो." माझा वाटा उघड्या टेकडीवर, जावेचा नाल्याच्या सावलीत, म्हणून तिचं पान वाचलं असेल, म्हणाल्या.

मेला ओझोन! शाळेत शिकवलं होतं, तो आभाळात राहून आपल्याला उन्हापासून राखतो. राखणदारच असा खाली जमिनीजवळ दगा देत असेल तर माणसानं भरवसा ठेवायचा कुणावर?

तशीच जावेच्या दारात गेले. ती धान पाखडत होती. मी सगळं सांगितलं, रडले, म्हटलं, "बाई, चुकली मी. हवेनं केलं ते. मले काय दिसणार?"

तिनं सूप खाली ठेवलं.

"हवा दिसत नाई, माय. मी त दिसत होती ना तुले?"