लिंबाच्या पोटातली तार

ओंडक्यातून ठिणगी उडाली. लाकडातून भुसा उडावा. ठिणगी उडाली म्हणजे आत लोखंड आहे. मी मशीन बंद करून करवतीची चेन बघितली. दातांची टोकंच उडाली होती, आता त्यांना धार लागणार नव्हती. आठ फुटांपैकी काप झाला होता जेमतेम तीन फूट.

मी आधी सातपूरला एका कंपनीत लेथवर टर्नर होतो. आता चेनसॉ घेऊन गावोगाव फिरतो आणि पडलेल्या झाडांच्या फळ्या काढून देतो. हे काम वणी रोडवरच्या एका गावातलं. गांगुर्डेबाई, रिटायर्ड शिक्षिका. त्यांच्या मिस्टरांनी बांधावर लावलेला कडुलिंब वादळात पडला. मिस्टर त्याच्या आधीच गेले होते. विहाराशेजारच्या अभ्यासिकेत टेबल करायला बाईंना त्यातून एक फळी हवी होती. दोन फूट रुंद.

"दोन्ही बाजूंनी मुलं बसली पाहिजेत, जाधव. आणि जोड नको. ह्यांच्या नावानं देतेय."

एवढी रुंद फळी ओंडक्याच्या मधूनच निघते, आणि ती एकच. बिघडली की संपलं.

चेनचं थोडं सांगतो. दुकानात सहज मिळते ती साधी चेन झाड आडवं कापायला असते. तिचे दात तीस अंशांत तिरके. ती लाकडात उभी, रेषांच्या दिशेनं चालवली तर ओरबाडते, मशीन तापतं, फळीवर चर पडतात. फळ्यांची चेन वेगळी. तिचे दात दहा अंशांत, जवळजवळ सरळ. चालते हळू, पण फळी साफ निघते. "कार्बाइडची लाव, काही होत नाही," असं सांगणारे शहाणे खूप भेटतात. कार्बाइडचे दात कडक, माती सोसतात, पण लोखंडावर त्यांचेही तुकडे उडतात. मी फळ्यांचीच चेन लावली होती. निवड बरोबर होती. तशी दुसरी सोबत घेतली नव्हती, हा माझा गाढवपणा.

आणि मी विचारलंही होतं हो! सकाळीच, बाईंसमोर, त्यांचे दीर नामदेवभाऊ यांना. "झाडात खिळे आहेत का?"

"एक बी खिळा नाय."

आता साल सोलली, पटाशीनं खोदलं. दोन बोटं आत जाड तार निघाली. द्राक्षाच्या मांडवाची. आमच्याकडे एक खांब वाचवायला मांडवाची शेवटची तार बांधावरच्या झाडालाच आवळतात. झाड वाढतं आणि तार गिळून टाकतं.

"भाऊ, हे काय?"

"तुम्ही खिळं इचारलं व्हतं," नामदेवभाऊ खाली बघत म्हणाले.

बाईंचा आवाज चढला. "ह्यांनी कितीदा सांगितलं होतं, झाडाला तार बांधू नका म्हणून! तुम्ही म्हणालात, सोडली."

"सोडाया गेलो व्हतो वहिनी. तवर आत रुतली व्हती. मंग वरची तोडली न् गप बसलो. दादाला सांगायची छाती नाय झाली."

 मी दिवस मोजले. नवी चेन मागवायची तर आठ दिवस जातात. बाहेर एप्रिलचं ऊन. अर्धा कापलेला ओंडका तोवर तडकणार. माझ्याकडे होती ती साधी चेन.

"तीच लावा की, लवकर हुईल," नामदेवभाऊ म्हणाले.

"लवकर होईल आणि फळीचं वाटोळंही होईल!" मी ओरडलोच.

एकच मार्ग होता. साध्या चेनचा एकेक दात कानसीनं घासून तीस अंशांवरून दहावर आणायचा. पन्नासाच्या वर दात. डावे-उजवे सारखे नाही झाले तर चेन एकीकडे ओढते आणि फळी कुठे जाड, कुठे पातळ निघते. कंपनीत कोन मोजायला डायल होतं. इथे बाईंनी घरातून कंपासपेटीतला कोनमापक आणला आणि समोर बसल्या.

"अकरा होतोय, जाधव."

"हो बाई."

सातवीतल्या पोरासारखा मी निमूट घासत राहिलो. अडीच तास. तोवर नामदेवभाऊंनी दोन्ही बाजूंनी खोदून तार पकडीनं उपसून काढली. बोटं सोलली तरी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

मशीन सुरू केलं. प्रत्येक इंचाला वाटायचं, आता उडेल ठिणगी. संध्याकाळी फळी सुटली. सरळ, साफ. तारेच्या खाचा काढायला दोन्ही कडा छाटाव्या लागल्या. बाईंनी टेप लावला. दोन फुटांना अर्धा इंच कमी.

"बसतील मुलं," बाई म्हणाल्या. मग दिराकडे वळल्या. "उचला. तिकडची बाजू तुम्ही धरा."

तेव्हापासून मी दोन चेन नेतो. आणि खिळे आहेत का, असं विचारत नाही. या झाडाला आजवर काय काय बांधलं, असं विचारतो. तेही घरातलं मोठं माणूस चहा सांगायला आत गेल्यावर, मागं राहिलेल्या धाकट्याला.