चालू असताना बघा

हैदराबादेत, कुकटपल्लीच्या आमच्या कचेरीत वेबसाइट अडकली की प्रत्येकाचा हात एकाच गोष्टीकडे वळे: सर्व्हर बंद करा, पुन्हा सुरू करा. नलिनी वाघमारे मॅडम तो हात वरच्यावर अडवत. "थांबा हो, पुणेकर! पेशंट कुठं दुखतंय ते सांगतोय आणि तुम्ही त्याला भूल द्यायला निघालात?"

मी तेव्हा पंचविशीत होतो. देशाची दारं उघडली होती, अमेरिकेचं काम हैदराबादेत येऊ लागलं होतं आणि पुण्याची आमच्यासारखी मुलं त्यामागे आली होती. मॅडम नांदेडच्या. आमच्या तुकडीत सर्वांत अनुभवी, आणि जिभेला धार. आम्ही लिहिलेलं त्या वाचत तेव्हा शेजारी उभं राहणं ही एक शिक्षाच असे. एकदा मी त्यांना विचारलं, इतकं काटेकोर राहून थकायला होत नाही का? त्या म्हणाल्या, "वाघमारे म्हटलं की माणसं क्षणभर थांबतात. त्या क्षणात मी काम पुढं करते. त्यात एक चूक निघाली तर पुढं करायला माझ्याकडं दुसरं काही नाही."

प्रोग्राम म्हणजे एकमेकांना हाका मारत काम उरकणारे असंख्य लहान तुकडे. त्यांना आम्ही मेथड म्हणतो. मॅडमनी स्वतः एक साधन लिहिलं होतं. चालत्या वेबसाइटला ते जोडलं की कोणत्या मेथडनं कोणाला बोलावलं, काय हाती दिलं, उलट काय आलं, हे पडद्यावर उमटत जाई. मधेच काही बिनसलं, म्हणजे एक्सेप्शन आलं, तर ते कुठे उठलं आणि कोणी दाबलं, हेही दिसे. दाबणं सोपं असतं. एक्सेप्शन आल्यास काय करायचं ते लिहायची जागा रिकामी सोडायची. मग तक्रार तिथेच विरून जाते. मॅडमना या रिकाम्या जागांचा संताप येई. "हौले लोक!" त्या दख्खनीत करवादत, म्हणजे बावळट लोक. "घरात धूर झाला, तर खिडकी रंगवून ठेवायची?"

अमेरिकेतल्या एका औषधविक्रेत्याची वेबसाइट आमच्याकडे होती. रुग्ण नेहमीच्या औषधांची मागणी तिच्यावर नोंदवत. त्यांतल्या काही मागण्या हरवू लागल्या. रुग्णाला पडद्यावर धन्यवाद दिसत आणि औषध कधीच पोचत नसे. ग्राहक कंपनीचा माणूस चौकशीला यायचा होता. दोष त्यांच्याच नेटवर्कवर ढकलायचा, असं आमचे व्यवस्थापक राव गारूंनी, म्हणजे तेलुगूत रावसाहेबांनी, ठरवून टाकलं होतं.

"आधी चालू असताना बघू," मॅडम म्हणाल्या, आणि राव गारू व मी, आम्हां दोघांदेखत त्यांनी साधन जोडलं. मागण्या येत होत्या, मेथडी एकमेकींना हाका मारत होत्या. एका मागणीत औषधाच्या नावात अवतरणचिन्ह होतं. ती एका मेथडपाशी आली, त्या चिन्हावर अडखळली, एक्सेप्शन उठलं आणि जागच्या जागी विझलं. खाली धन्यवाद उमटला. त्या मेथडमध्ये रिकामी जागा होती.

मॅडमनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "ही मी लिहिलेली आहे."

वेबसाइट पहिल्यांदा सुरू करायची तेव्हा राव गारू रोज सकाळी येऊन विचारत, चुकांचा पडदा कोरा आहे ना? नंतर भरू, म्हणून मॅडमनी ती जागा सोडली, आणि ती तशीच राहून गेली. राव गारू खुर्ची जवळ ओढून हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, परेशान नक्को हो. वो रमेश नौकरी छोड के गया ना, उसका नाम बोल देंगे. वो कैकू पूछने आता?"

"नक्को, राव गारू. रमेशचं नाही, माझं आहे ते."

ग्राहक कंपनीच्या पाहुण्यासमोर त्यांनी तेच सांगितलं. रिकामी जागा दाखवली आणि त्याच्यादेखत भरली. पाहुण्यानं हात मिळवून आभार मानले. काम आमच्याकडेच राहिलं. मॅडम राहिल्या नाहीत. जबाबदार व्यक्तीला दूर केलं आहे, असं राव गारूंनी ग्राहकाला कळवलं. पाठोपाठ नियम आला: चालत्या वेबसाइटला कोणीही काहीही जोडायचं नाही, अडकली तर बंद करून सुरू करावी.

त्या दुपारी कॅन्टीनमध्ये कोणीतरी म्हणालं, "शेवटी कोट्यातल्याच." खाजगी कंपनीत कोटा नसतो, हे त्या टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही. मी ताट उचलून हात धुवायला गेलो.

पुष्कळ वर्षांनी मी त्यांना भेटलो. हैदराबादेतच, कोठी भागात पुस्तकांच्या एका दुकानावरच्या खोलीत त्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवत होत्या. केस पांढरे, धार तीच. "या, पुणेकर! पोट सुटलं की तुमचं. साहेब झालात म्हणायचं." त्यांनी खालून चहा मागवला. मी त्यांना माझ्या आताच्या कंपनीत येण्याची विनंती केली. आमची सगळी तुकडी त्यांच्या हाताखाली देतो म्हणालो.

त्यांनी एकच विचारलं. "तुमच्याकडं चालू असताना बघू देतात का हो?"

"परवानगी काढावी लागेल," मी म्हणालो.

"कोणाची?"

चालत्या वेबसाइटला काही न जोडण्याचा तो नियम आमच्याकडेही होता, आणि त्याखाली सही माझी होती. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मॅडम बशी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "घ्या, चहा गार होतोय," आणि फळा पुसायला उठल्या.