फुलीवरचा रुमाल

दोन वर्षांनी ऑफिसला जायला पुन्हा एसटीत बसले. शेजारच्या सीटवर, तिथे कुणी बसू नये म्हणून करोनात रंगवलेली फुली अजून पुरती गेली नव्हती. तेवढ्यात खिडकीतून एक रुमाल आत पडला आणि खालून एका बाईचा आवाज आला, "ताई, जागा धरा हो."

माझा हात अडखळला. परक्याच्या रुमालाला दचकायला आपण किती पटकन शिकलो. एरवी याच रुमालाच्या भरवशावर माणसं दाराच्या गर्दीत निर्धास्त उभी राहायची. ते दचकणं आता पुरे, असं ठरवून मी रुमाल उचलला आणि फुली झाकेल असा नीट पसरला.

एक गृहस्थ आले. "कोणी आहे का इथे?"

"आहे," मी म्हणाले. "येतंय माणूस."