खांड्याशी लग्न लागलेल्या जिजी

जिजींच्या डाव्या हाताला दोनच बोटं होती, आणि त्याच हातानं त्या अशी भाकरी थापायच्या की दहा बोटांच्या बायकांनी बघत राहावं. आता माझी ऐंशी उलटली, पण तो हात डोळ्यांपुढून हलत नाही बघा.

नरडाण्याजवळच्या आमच्या गावच्या जहागीरदारांच्या त्या सूनबाई. माहेर एरंडोलकडचं, तेही जहागीरदारच. कुठल्याशा पंगतीत मानाच्या पाटावरून दोन्ही घराण्यांत कुऱ्हाडी चालल्या होत्या, तीन माणसं मेली होती. रक्त थांबावं म्हणून हे लग्न ठरलं. नवरदेव बापूसाहेबांना ते मान्य नव्हतं. ते स्वतः गेलेच नाहीत, रिवाजाप्रमाणे आपला खांडा, म्हणजे तलवार, पाठवला. जिजींनी त्याच्याशीच सात फेरे घेतले. घरी आल्यावरही वर्षभर बापूसाहेब त्यांच्याशी बोलले नाहीत. जिजी म्हणायच्या, “खांडा बरा. उलटं बोलस नई.”

माझी आई त्यांच्याकडे दळण-कांडण करायची. मी सात वर्षांची, तिच्या पदराला धरून. दसऱ्याला शस्त्रांची पूजा होती. जिजींनी नेहमीसारखं खांड्याला तेल लावलं होतं. त्यांचा भाऊ सोनं द्यायला आला. आई पाट मांडायला गेली तोच बापूसाहेबांचे काका हसले, “याले पाट कसाले? जमीनवर बसाडा!”

भावानं पूजेचं ताट भिरकावलं ते काकांच्या कपाळावर. रक्ताची धार लागली. लाठ्या निघाल्या, कुणाचा तरी हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. भाऊ खाली पडला, आणि बापूसाहेबांनी पूजेतला खांडा उचलून त्याच्या मानेवर उगारला. जिजी मध्ये शिरल्या आणि त्यांनी पातंच मुठीत धरलं. बोटं फरशीवर पडली हो. तरी मूठ सुटली नाही.

“मन्हं लगीन याना संगे लागेल शे, तुम्हना संगे नई,” त्या म्हणाल्या. “मन्हाच नवरा मन्हा भाऊवर कसा उगारतस?”

बापूसाहेबांनी खांडा सोडला, डोक्याचा फेटा सोडून जिजींचा हात बांधला. एवढा दांडगा माणूस, पण गाठ काही बसेना. त्या दिवसापासून वैर संपलं. आणि जिजींना बांगड्या भरायला कासाराला मनाई झाली. दुखेल म्हणून बापूसाहेब स्वतः एकेक भरायचे.

“तीन बोटं दिधात, तवय नवरा भेटना,” तीन बोटं दिली तेव्हा कुठे नवरा भेटला, असं म्हणून जिजी खळखळून हसायच्या.

पुढे बापूसाहेब गेले. बायका बांगड्या फोडायला आल्या तेव्हा जिजींनी खुंटीवरच्या खांड्याकडे बोट केलं. “लगीन त्याना संगे लागेल शे. तो गंजना का फोडज्यात.” तो गंजला की मग फोडा, म्हणे. बायका तोंडाला पदर लावून परतल्या.

त्या दसऱ्याला खांड्याला तेल लागलं नाही. गावात म्हणाले, विसरल्या असतील. पण जिजी कधी काही विसरल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या वर्षीचा पाऊस होऊन गेल्यावर मी सासरहून भेटायला गेले. जिजींचे हात मोकळे. बांगड्या फेट्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या, एकही फुटलेली नाही. मी खुंटीकडे पाहिलं.

“गंजना व माय,” जिजी म्हणाल्या.